आमदाराकडे नेमकं काय मागायचं?

ताईंनो, मागच्या प्रभागसंघाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "आमदार उद्घाटनाला येतात, आपल्या हंड्याचं त्यांना काय?"

मृणाल गोरे आठवा. गोरेगावच्या वस्त्यांसाठी त्या पाण्यावरून इतक्या भांडल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. पुढे गर्भलिंग तपासणीविरुद्ध त्यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडलं. बायकांच्या संघटनाही रस्त्यावर होत्या. १९८८ मध्ये महाराष्ट्रात असा देशातला पहिला कायदा झाला. १९९४ मध्ये केंद्राचाही आला.

म्हणजे आमदाराचं काम नुसतं निधी देणं नाही. सरकारला जाब विचारणं हेही त्यांचंच काम. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. पण प्रश्नाला नेमकी माहिती लागते, आणि ती आपल्याकडेच असते: नळ कधीपासून बंद, किती घरं, पाणी किती लांबून आणतो.

हे सगळं अर्जात लिहा. ग्रामसभेचा ठराव जोडा, ग्रामसंघाचा शिक्का मारा. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी पाच-सहा जणी मिळून द्यायला जा. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोच नसली, तर उद्या "अर्ज आलाच नाही" असं ऐकावं लागतं.