आठवी संपली, आता नववीला कुठे?

मार्चचा शेवटचा आठवडा आला की फरीदाबादच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. मुलगी आठवीपर्यंत शाळेच्या खास तुकडीत होती. गणिताचे जादा तास, ऑलिम्पियाडची तयारी, शनिवारचे प्रयोग, सगळे होते. आता ती तुकडी आठवीलाच संपली. पुढे कुठे घालायचे? विचारणारे बहुतेक जण नोकरीमुळे इथे आलेले असतात. कोणी सेक्टर ३३ मधल्या एनएचपीसीत, कोणी इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रात, कोणी गुरुग्राम रस्त्यावरच्या जैवतंत्रज्ञान संकुलात. मूल हुशार आहे यात शंका नसते. पण त्याच्या पुढच्या शाळेबद्दल घरात जे बोलले जाते, त्यातले अर्धे महाराष्ट्रातून सोबत आणलेले असते आणि उरलेले कोचिंगच्या फलकांवर वाचलेले.

मी गेली काही वर्षे इथे रविवारी सकाळी अशा मुलांबरोबर गणित करत बसतो. पालकांना मी एकच सांगत आलो आहे, नववीची शाळा बघताना मुलाच्या छातीवरचा बिल्ला घरी ठेवा आणि अवघड प्रश्नापाशी त्याला कोण थांबू देईल ते शोधा. हे पटायला वेळ लागतो, कारण वाटेत काही पक्के समज आडवे येतात.

‘एकदा निवड झाली आहे, म्हणजे पुढेही तशीच शाळा मिळेल’

असे होत नाही. प्रज्ञावान मूल ओळखून त्याला पुढची शाळा मिळवून देण्याची सक्ती करणारा कायदा आपल्या देशात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी काही परिच्छेद आहेत. शिक्षकांनी ती ओळखावी, त्यांना पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. पण त्या परिच्छेदांच्या बळावर कोणत्याही शाळेकडे जागा मागता येत नाही. खास तुकडीचे प्रमाणपत्र त्या शाळेपुरते असते. नवी शाळा आपली चाचणी नव्याने घेते आणि तसे करण्यात तिचे काही चुकत नाही.

मराठी पालकाच्या मनात मात्र दुसरे चित्र असते. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी प्रशाला १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांसाठीच सुरू झाली आणि तिथे मूल पाचवीला गेले की दहावीपर्यंतची काळजी मिटते. पुसेगावच्या शासकीय विद्यानिकेतनासारख्या शाळाही पाचवी ते दहावीच्या. त्यामुळे ‘खास शिक्षण’ म्हटले की ते दहावीपर्यंत सलग चालणार, असे आपण धरून चालतो. फरीदाबादच्या खाजगी शाळांतल्या खास तुकड्या हा त्या त्या शाळेचा उपक्रम असतो. शिकवणारा एखादा उत्साही शिक्षक सोडून गेला, तरी तो बंद पडू शकतो.

याच ओघात आणखी एक सांगायला हवे. अनेक घरांत मामाला किंवा आत्याला मिळालेली एनटीएस शिष्यवृत्ती हा अभिमानाचा विषय असतो आणि मुलाची पुढची आखणी तिच्याभोवती केली जाते. ती योजना ३१ मार्च २०२१ पर्यंतच मंजूर होती, त्यानंतर ती थांबली. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षाही २०२२ मध्ये बंद झाली. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत दोन्ही नावे अजून छापलेली असतात, मुले त्यांचे सराव संच सोडवत बसतात, आणि ते बघून मला खरोखर वाईट वाटते.

‘सहावीला नवोदय हुकले, म्हणजे कायमचे हुकले’

या समजामुळे दरवर्षी चांगली मुले अर्जच करत नाहीत, म्हणून इथे थोडे थांबतो.

जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये दोन शाळांनी झाली, एक महाराष्ट्रात अमरावतीला आणि दुसरी हरियाणात झज्जरला. फरीदाबाद जिल्ह्याचे नवोदय मोठुका गावात आहे. मुख्य प्रवेश सहावीला होतो. ८० जागा असतात आणि त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांच्या. शहरी सेक्टरमधल्या मुलाला तिथे जागा मिळणे अवघड जाते हे खरे. परंतु नववीत आणि अकरावीत रिकाम्या जागांवर पुन्हा प्रवेश होतात. नववीची परीक्षा १०० गुणांची असते. गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५. मराठी शाळेत चांगले गणित-विज्ञान शिकलेल्या मुलाला हे जड नाही. जागा मात्र किती निघतील ते त्या वर्षावर असते. कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

अट अशी की मूल त्याच जिल्ह्यात राहणारे आणि तिथल्याच मान्यताप्राप्त शाळेत आठवी शिकणारे हवे. अर्ज शरद ऋतूत भरले जातात, परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होते. जूनमध्ये बदलीने इथे येणाऱ्या कुटुंबाचे मूल त्यामुळे या वाटेने नववीत जाऊच शकत नाही. शिवाय हरियाणात शाळेचे वर्ष १ एप्रिललाच सुरू होते. महाराष्ट्राच्या हिशेबाने जूनमध्ये आलात, तर दोन महिन्यांचा अभ्यास आधीच झालेला असतो आणि चांगल्या तुकड्याही भरलेल्या असतात. बदली होणार असे कळले की आधी शाळेची चौकशी करा, घराची नंतर.

नवोदय पूर्ण मोफत, हेही अर्धे खरे आहे. राहणे, जेवण, पुस्तके मोफत आहेत. पण नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिना ६०० रुपये घेतात आणि सरकारी नोकरांच्या मुलांकडून १,५००. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना तो माफ असतो. आणि मला या शाळांची सर्वांत आवडणारी गोष्ट पालकांना बहुधा माहीतच नसते. नववीतली सुमारे ३० टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात जातात, हिंदी भागातली अहिंदी भागात आणि तिकडची इकडे. चौदाव्या वर्षी दुसऱ्या भाषेत मित्र जोडणे हे कोणत्याही खास तुकडीपेक्षा मोठे शिक्षण आहे.

‘मेट्रो आहे, दिल्लीच्या सरकारी शाळेत घालू’

व्हायोलेट मार्गिका २०१५ मध्ये एस्कॉर्ट्स मुजेसरपर्यंत आली आणि पुढे बल्लभगडला पोहोचली, तेव्हापासून हा विचार वाढला. बदरपूरची सीमा मेट्रोला दिसत नसली तरी शिक्षण खात्याला दिसते. दिल्ली सरकारच्या प्रवेशपरीक्षेच्या शाळा दिल्लीच्या रहिवाशांसाठी आहेत. केंद्रीय विद्यालयाची गोष्ट वेगळी. फरीदाबादेत ती आहेत, आणि बदलीने आलेले मूल आधीपासून केंद्रीय विद्यालयात असेल तर काम सोपे होते. बाहेरून येणाऱ्याला नववीत जागा रिकाम्या असतील तरच प्रवेशपरीक्षा देता येते आणि त्यातही आई-वडिलांच्या नोकरीच्या प्रकारानुसार प्राधान्यक्रम लागतो.

इथला पत्ता ऐकताना एक लक्षात ठेवा. ‘शाळा एनआयटीत आहे’ असे कोणी म्हणाले, तर ते अभियांत्रिकीची संस्था सांगत नाहीत. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेली न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप म्हणजे इथले एनआयटी.

‘शिष्यवृत्ती मुलाच्या नावावर आहे, शाळा कोणतीही असो’

ही चूक पैशांत महाग पडते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची परीक्षा होते. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत असले आणि मूल निवडले गेले, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. पण मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत राहायला हवे. खाजगी शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय यांना ही योजना लागू नाही. निकाल लागल्याच्या आनंदात मुलाला कर्ज काढून खाजगी शाळेत घालणारे वडील मी पाहिले आहेत. गलाईच्या भट्टीवर दिवस काढणारा, खानापूर तालुक्यातून आलेला माणूस. शिष्यवृत्ती थांबली आणि फी सुरू झाली. त्यांना कोणी आधी एवढेच सांगायला हवे होते.

हरियाणा सरकारचा नववी-दहावीसाठीचा ‘बुनियाद’ आणि जेईई-नीटच्या तयारीचा २०१८ पासूनचा ‘सुपर १००’ हे दोन्ही कार्यक्रम सरकारी शाळांतल्या मुलांसाठी आहेत. आठवीनंतर सरकारी शाळा सोडताना आपण नेमके काय सोडतो, हे म्हणून नीट मोजावे. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेत मिळालेली मोफत जागा तर आठवीलाच संपते. नववीपासून शाळा पूर्ण फी मागू शकते. हरियाणात जुन्या नियम १३४-अ खाली गरीब मुलांना बारावीपर्यंत सवलतीच्या जागा मिळत. तो नियम २०२२ मध्ये रद्द झाला आणि त्याजागी ‘चिराग’ योजना आली. शेजारचे काका अजून १३४-अ सांगत असतील, तर त्यांची माहिती जुनी आहे.

‘नववी कुठेही काढू, खरी निवड दहावीनंतर’

महाराष्ट्रात दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालय असते, सगळे नव्याने मांडता येते. इथे तसे नाही. सीबीएसईच्या बहुतेक शाळा बारावीपर्यंत सलग चालतात आणि अकरावीत आधी आपल्या मुलांना जागा देतात. दहावीत शाळा बदलायची तर मंडळाची परवानगी आणि बदली किंवा स्थलांतरासारखे सबळ कारण लागते. नववीला जिथे गेलात, तिथे दोन वर्षे नक्की आणि बहुधा चार. मराठी विषय हवा असेल तर तो मंडळाच्या यादीत आहे, पण शाळेत शिकवणारे कोणी नसेल तर यादीचा उपयोग नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्याला इथे ‘एसएलसी’ म्हणतात. तो आणि आठवीची गुणपत्रिका हातात असल्याशिवाय निघू नका.

‘नाव एका शाळेत, अभ्यास कोचिंगमध्ये’

दिल्लीच्या आसपास हा सल्ला उघडपणे दिला जातो, तेरा वर्षांच्या मुलांनासुद्धा. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडळाने दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता याच कारणाने काढून घेतली. मुले फक्त पटावर होती. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालच्या किंवा दहावी न झालेल्या मुलांना कोचिंगने घ्यायचेच नाही. नियम बाजूला ठेवले, तरी जिज्ञासू मुलाला दोन वर्षे अकरावीची सूत्रे पाठ करायला लावणे हे त्याच्या बुद्धीचे नुकसान आहे, असे मी स्पष्ट म्हणेन. मित्र नाहीत, प्रयोगशाळा नाही, मैदान नाही, आणि मूल पंधराव्या वर्षी थकलेले.

काही पालक उलट टोकाला जाऊन एक वर्ग ओलांडू द्या म्हणतात. सीबीएसईत नववी पूर्ण केल्याशिवाय दहावी देता येत नाही आणि मुक्त विद्यालयातही दहावीसाठी किमान वय १४ आहे. त्यापेक्षा एका विषयात पुढे जाणे सोपे आणि फायद्याचे. अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला, त्याचा गाभाही हाच. मूल ज्या विषयात पुढे आहे त्यात त्याला पुढचे द्या. आपल्याकडे गणित ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा आठवीपासून देता येते. तिला खास तुकडी लागत नाही, चांगले प्रश्न आणि रिकामा वेळ लागतो.

आणि नव्या वर्गात पहिल्या चाचणीला मुलाचे गुण घसरले, तर घाबरू नका. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवले की तीच क्षमता असलेले मूल हुशार मुलांच्या घोळक्यात स्वतःला कमी समजू लागते. खास तुकडीतून साध्या वर्गात आलेल्या अनेक मुलांचा आत्मविश्वास त्यामुळे वाढतोही. पालकांना जी उतरण वाटते, ती मुलाला कधी कधी सुटका वाटते.

शाळा बघायला जाताना मुलाला सोबत न्या आणि त्याचा एक खरा प्रश्न घेऊन जा. गेल्या एप्रिलमध्ये मी एका मुलीबरोबर तीन शाळा पाहिल्या. तिचा प्रश्न होता, ०.९९९… हे खरेच १ आहे का? पहिल्या शाळेत उत्तर मिळाले, हे परीक्षेला येत नाही. दुसऱ्या शाळेत निकालांचे रंगीत पुस्तक हातात दिले. तिसरी साधी सरकारी शाळा होती. भिंतीचा रंग उडालेला, बाकांवर नावे कोरलेली. गणिताच्या बाई प्रवेशाचे कागद तपासत होत्या. त्यांनी कागद बाजूला सारले, खडू घेतला आणि विचारले, “पहले तू बता, तुझे क्या लगता है?” फळ्यावर दोघींचे एक तृतीयांश आणि त्याची तिप्पट सुरू झाली. मी आणि तिचे बाबा बाहेर व्हरांड्यात उभे राहिलो. वीस मिनिटांनी ती हाताला खडू लागलेली बाहेर आली आणि म्हणाली, बाबा, अजून मला पटलेले नाही, मी उद्या पुन्हा येणार आहे.