गाण्याला कोणता कायदा लावणार?

जयंती आली की भीमगीतांच्या आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. आवाजाच्या मर्यादेचा कायदा आम्हालाही ठाऊक आहे. तो सगळ्यांच्याच उत्सवांना लावा. पण ही गाणी म्हणजे नुसता गोंगाट, असे म्हणणाऱ्यांनी घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर आठवावे. ११ जुलै १९९७ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या, आमची दहा माणसे गेली. चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळे कापड बांधून मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. इतरांना धीर देणारा गळा असा संपला. गाण्याने सगळेच सोसवते, असा दावा आम्ही करणार नाही.

पण न्यायालय तरी कुठे धावून आले? उपनिरीक्षक मनोहर कदमला जन्मठेप व्हायला २००९ उजाडले. आम्ही वकील. साक्षीच्या पिंजऱ्यात दुःखालाही तारीख, वेळ, ठिकाण लागते. उलटतपासणीत आई रडली, तर ते रडणे पुराव्यात धरले जात नाही. वामनदादांच्या वाटेने आलेल्या गाण्यात ते धरले जाते. तिथे ती माऊली चारचौघींत पदराने डोळे पुसते, टाळीचा ठेका धरते, आणि त्रिसरण-पंचशील म्हणून घरी जाते.