मुंबईतील मुक्काम : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह मुंबई पाहावयास निघालेल्या कुटुंबाच्या घरी गाडीचे आरक्षण, प्रवासातील फराळ, वडीलधाऱ्यांची औषधे आणि पाहावयाच्या स्थळांची यादी या सर्वांचा साद्यंत विचार होतो. परंतु तेथे उतरावयाचे कोठे, या प्रश्नाचा निकाल मात्र खोलीचे भाडे आणि छायाचित्रातील स्वच्छ चादर एवढ्याच पुराव्यावर बहुधा लावला जातो. पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे. गिरगावात, परळला किंवा दादरला कोणी ना कोणी आप्त असे आणि त्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आठवडाभर पाहुणे सामावत. आता ते आप्तही डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा असे दूरदूर सरकले असल्याने मुंबई पाहणाऱ्याला हॉटेलाचा आश्रय घ्यावा लागतो, आणि हॉटेलाची जागा पारखण्याची वहिवाट आपल्यात रुजलेली नसल्यामुळे ऐकीव समजुतींवरच कारभार चालतो. त्या समजुतींपैकी ज्यांचा उपद्रव अधिक, त्यांचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

सर्वांत दृढमूल समजूत अशी की, हॉटेल शहराच्या मध्यावर असले म्हणजे सर्व काही जवळ पडते. नागपूर किंवा पुण्यासारख्या चोहीकडे पसरलेल्या शहरास हा न्याय बऱ्याच अंशी लागू पडतो, परंतु मुंबईचा आकारच मुळी निराळा आहे. समुद्रात शिरलेली ती दक्षिणोत्तर चिंचोळी भूमी आहे. महापालिकेची हद्द पश्चिमेस दहिसरपर्यंत आणि पूर्वेस मुलुंडपर्यंत गेलेली असली, तरी जुन्या शहराचे बीज पडले ते दक्षिण टोकाला, आणि पाहुण्याला जे पाहावयाचे असते त्यातील फार मोठा भाग त्या टोकालाच एकवटलेला आहे. गेट वे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची 2004 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेली इमारत आणि मरीन ड्राइव्ह ही सर्व स्थळे परस्परांपासून दोन-तीन किलोमीटरांच्या आत आहेत. नकाशावर पट्टी ठेवून मध्य काढणारा मनुष्य अंधेरी-कुर्ल्याच्या आसपास पोहोचेल आणि आपण मध्यवर्ती जागा घेतली या समाधानात राहील. पण घारापुरीची नौका गाठण्यासाठी सकाळी गेट वेकडे निघताच सबंध उपनगरातील नोकरदार वर्ग आपल्याबरोबर त्याच दिशेने निघालेला त्याला आढळेल. मुंबईच्या गर्दीला दिशा असते. सकाळी ती प्राधान्याने दक्षिणेकडे वाहते आणि सायंकाळी उत्तरेकडे परतते. ज्या कुटुंबाने फोर्टात किंवा चर्चगेटजवळ मुक्काम केला आहे, त्याला बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरीची लेणी पाहावयास सकाळी चर्चगेटहून निघता येते, तेही गाडी तेथूनच सुटत असल्यामुळे बसावयास जागा मिळवून. वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरीकडे कचेऱ्यांची वस्ती वाढल्यापासून उलट दिशेची गाडीही पूर्वीइतकी रिकामी राहिलेली नाही हे खरे. तरी लहान मुलाचा हात धरून चढता यावे एवढी सवड अद्याप मिळते.

दुसरी समजूत स्टेशनाची. 'स्टेशनाजवळचे हॉटेल' म्हटले की निम्मी काळजी मिटली, असे आपल्याकडील मंडळींना वाटते. परंतु ज्या शहरात बाहेरगावच्या गाड्या एका ठिकाणी थांबत नाहीत, तेथे कोणते स्टेशन हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. विदर्भ, देवगिरी आणि महालक्ष्मी या एक्स्प्रेस गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येतात. दुसऱ्या कित्येक गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला विसावतात, आणि ते टर्मिनस कुर्ल्याचे म्हणून ओळखले जात असले तरी कुर्ला उपनगरी स्थानकापासून सामानसुमानासह चालत जाण्याइतके जवळ मुळीच नाही. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे लोकल स्थानक यांचेही तसेच आहे. मुंबई सेंट्रल हे मध्य रेल्वेवर नसून पश्चिम रेल्वेवर आहे. महालक्ष्मी स्थानकात उतरून देवीचे देऊळ शोधणारे भाविक रेसकोर्सच्या कडेने पुष्कळ चालल्यावर भुलाभाई देसाई मार्गावरील मंदिरात पोहोचतात. तेव्हा आपली गाडी जेथे थांबते ते स्टेशन आणि आपणांस रोज जेथून हिंडावयाचे आहे ते स्टेशन, ही दोन्ही एकच असतील तर उत्तम. नसतील तर दुसऱ्याला प्राधान्य द्यावे, कारण पहिल्याशी आपला संबंध येण्या-जाण्यापुरता आणि दुसऱ्याशी दररोजचा.

मात्र पोहोचण्याच्या दिवसाची एक निराळी अडचण आहे. रात्रीच्या गाड्या पहाटे किंवा सकाळी मुंबईत दाखल होतात आणि हॉटेलांतील खोली सामान्यतः दुपारी 12 किंवा 2 वाजता ताब्यात मिळते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानी राहत नाही. रात्रभर प्रवास केलेल्या आजी आणि पेंगुळलेली नातवंडे यांना घेऊन पाच-सहा तास कोठे काढावयाचे, याची तजवीज आधीच केली पाहिजे. लवकर खोली मिळेल काय, निदान सामान ठेवून हातपाय धुण्याची सोय होईल काय, हे आगाऊ विचारून ठेवावे; ते न साधल्यास स्टेशनावरील सामानघर असतेच, मात्र तेथे कुलूप लावलेलेच सामान स्वीकारण्याचा शिरस्ता आहे.

आता अंतराविषयी. जाहिरातीत 'अमुक स्थळापासून अवघ्या आठ किलोमीटरांवर' असे लिहिलेले असते आणि आठ किलोमीटर म्हणजे गावाकडील हिशेबाने दहा मिनिटे, असे वाचक मनाशी धरून चालतो. मुंबईत अंतर घड्याळाने मोजावयाचे असते. तेही कोणत्या वेळेचे घड्याळ, हे पाहून. हॉटेलापासून आपल्या यादीतील स्थळांपर्यंत लागणारा वेळ मोबाइलच्या नकाशावर रात्री निवांतपणे न पाहता कामाच्या दिवशी सकाळी 9 वाजता आणि सायंकाळी 6 वाजता पाहावा, म्हणजे जाहिरातीतील 'अवघे' या शब्दाची किंमत कळून येईल. रविवारी रस्ते मोकळे, म्हणून सर्व स्थलदर्शन रविवारी उरकू पाहणाऱ्यांनी रेल्वेचा मेगाब्लॉक विसरू नये. देखभालीच्या कामासाठी त्या दिवशी कोणत्या मार्गावर गाड्या बंद किंवा वळविलेल्या राहणार, हे आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते.

वाहनांचा नियमही ठाऊक असावा. रिक्षा पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेकडे शीवपर्यंतच येते. त्याच्या दक्षिणेला तिला मज्जाव आहे, तेथे टॅक्सीच. रिक्षात तिघे आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चौघे, ही कायद्याची मर्यादा. आईवडील, दोन मुले आणि आजी असे पाच जणांचे कुटुंब असेल तर एका टॅक्सीत भागत नाही, आणि येथेच 'दूरचे हॉटेल स्वस्त पडते' या समजुतीचा निकाल लागतो. 2025 च्या फेब्रुवारीपासून टॅक्सीचे किमान भाडे 31 रुपये झाले; त्या दराने अंधेरी पूर्वेहून गेट वेपर्यंतच्या साधारण 25 किलोमीटरांस एका टॅक्सीचे 500 रुपयांच्या वर होतात. दोन टॅक्सी, जाऊन-येऊन, म्हणजे 2000 रुपयांहून अधिक. खोलीमागे हजार-दीड हजार वाचविले म्हणून जो गृहस्थ आनंदात असतो, त्याने हा जमाखर्च एकदा कागदावर मांडावा. लोकलने गेल्यास खर्च नगण्य आहे, यात वाद नाही. पण सकाळच्या गर्दीत दोन मुले व वृद्ध माता यांना घेऊन लोकलमध्ये चढण्याचा विचार ज्याला सहज सुचतो, त्याने सकाळची लोकल पाहिलेली नसावी.

परंतु पैशाचा हिशेब हा त्यातला गौण भाग. एकट्या प्रवाशाला किंवा तरुण जोडप्याला सकाळी बाहेर पडून रात्री परतणे शक्य असते, आणि त्यांनी हॉटेल कोठेही घेतले तरी चालते. कुटुंबाची गोष्ट निराळी. लहान मुलांचा उत्साह दुपारी एक-दीडच्या सुमारास संपतो, वृद्धांचे गुडघे त्याच्याही आधी बोलू लागतात, आणि मुंबईची दमट हवा, विशेषतः मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत, धडधाकट माणसालाही नरम करते. अशा वेळी मुक्काम पंधरा-वीस मिनिटांच्या आत असेल तर दुपारी परत येऊन जेवावे, दोन तास पडावे आणि उन्हे कलल्यावर मरीन ड्राइव्हला जाऊन बसावे, असा दिवसाचा सुखद विभाग पाडता येतो. मुक्काम दूर असेल तर दुपारची विश्रांती अशक्य होऊन सबंध कुटुंबाला रात्रीपर्यंत रस्त्यावरच राहावे लागते, आणि सायंकाळी जी चिडचिड होते तिचा दोष मुलांच्या माथी मारला जातो. कुटुंबाने हॉटेल निवडताना म्हणून एकच कसोटी लावावयाची तर ती हीच : दुपारी परत येता येईल काय?

ताऱ्यांवरील श्रद्धेविषयी थोडक्यात सांगता येईल. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलांना जे तारे देते, ते सुविधांची तपासणी करून, पाच वर्षांच्या मुदतीने, आणि हॉटेलाने स्वतः अर्ज केला असेल तरच. शेजार कसा आहे किंवा स्टेशन किती जवळ आहे हे ते तारे सांगत नाहीत. आरक्षणाच्या संकेतस्थळांवरील ताऱ्यांचा तर या सरकारी ताऱ्यांशी संबंध असेलच असे नाही.

समुद्राकडील खोलीचा मोह मात्र अधिक समजून घेण्याजोगा आहे, कारण डोंगरी किंवा पठारी मुलखातून येणाऱ्याला खिडकीतून समुद्र दिसणे म्हणजे मुंबई पाहिल्याचे सार्थक वाटते. ताजमहाल हॉटेल 1903 साली उघडले तेव्हा समोर गेट वे नव्हता, तो 1924 साली पूर्ण झाला. आणि ज्या इमारतीविषयी 'वास्तुशिल्पज्ञाचा नकाशा उलटा वाचला गेला' अशी दंतकथा अद्याप मोठ्या चवीने सांगितली जाते, तिचे मूळ प्रवेशद्वार मागील बाजूस शहराकडे ठेवले होते ते चुकीने नव्हे, तर खोल्यांना समुद्र मिळावा म्हणून. खोलीतून दिसणाऱ्या समुद्राला तेव्हापासून किंमत आहे. पण साडेतीन किलोमीटरांहून लांब असा मरीन ड्राइव्हचा कठडा सर्वांना विनामूल्य खुला असताना, दिवसाचा बहुतेक वेळ बाहेर घालविणाऱ्या कुटुंबाने त्या दृश्यासाठी वेगळे भाडे मोजावे, हे मला पटत नाही. तोच पैसा एक मोठी खोली किंवा आतून जोडलेल्या दोन खोल्या घेण्यात लावावा.

दक्षिण मुंबईची एवढी भलामण केल्यानंतर तिचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट हा कचेऱ्यांचा भाग. कामाच्या दिवशी तेथे पाय ठेवावयास जागा नसते, आणि रात्री व रविवारी तेथील गल्ल्या ओस पडतात. दुपारी तुडुंब भरणारी उपाहारगृहेही त्यांतील पुष्कळशी बंद असतात. मुलाला रात्री दहाला दूध हवे झाले तर ते मिळेल काय, हे अशा भागातील हॉटेलास आधी विचारावे. या बाबतीत दादर आणि गिरगाव उजवे ठरतात. तेथे नांदती वस्ती आहे, थालीपीठ-साबुदाण्याची खिचडी मिळणारी मराठी उपाहारगृहे आहेत, औषधाचे दुकान कोपऱ्यावर आहे. दादरला तर मध्य आणि पश्चिम हे दोन्ही रेल्वेमार्ग एकत्र येतात, सिद्धिविनायक जवळ आहे, आणि ठाणे-डोंबिवलीकडील आप्तांना भेटावयास जाणे सोपे जाते.

यात भर पडली ती भुयारी मेट्रोची. आरेपासून कफ परेडपर्यंत 33.5 किलोमीटरांचा हा मार्ग 2025 च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाला, आणि विमानतळाजवळ उतरणे म्हणजे शहराला मुकणे, हे जे आजवर खरे होते त्याची धार बोथट झाली. विमानतळाचे दुसरे टर्मिनल, दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट ही सारी स्थानके त्या एकाच मार्गावर आहेत, आणि प्रारंभी ठरलेले कमाल तिकीट 70 रुपयांचे आहे. तेव्हा यापुढे हॉटेलाचा पत्ता पाहताना रेल्वे स्थानकाच्या जोडीने या मेट्रोचे स्थानकही पाहावे. मात्र रस्ता ओलांडून, जिने उतरून, फलाटापर्यंत जाण्यास लागणारी मिनिटे त्यात धरावीत.

मुक्काम जवळ असूनही दार बंद आढळण्याचा प्रसंग येऊ नये म्हणून आठवड्याच्या सुट्याही टिपून ठेवाव्यात : घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे उद्यान सोमवारी बंद, भायखळ्याची राणीची बाग बुधवारी.

मुलांसह तीन-चार दिवस मुंबई पाहणे हाच हेतू असेल, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते चर्चगेट या टापूत, खोली लहान मिळाली तरी, उतरावे. देवदर्शन आणि आप्तांच्या गाठीभेटी यांवर भर असेल तर दादर बरे. परतीचे विमान पहाटेचे असल्यास शेवटची एक रात्र तेवढी विमानतळालगत सहारला काढावी, आणि आरक्षण करण्यापूर्वी ते विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटते हे तिकिटावर पाहून घ्यावे. दोन्ही टर्मिनलांचे रस्ते निरनिराळे आहेत.