झडपेच्या दांड्याभोवती

वाफेच्या नळावरील झडप बाहेरून साधी दिसते. चाक फिरविले की एक पोलादी दांडा वर-खाली सरकतो आणि आतील वाट उघडतो किंवा मिटवितो. या दांड्याचे एक टोक कोंडलेल्या वाफेत, तर दुसरे कामगाराच्या हाताशी असते. दांडा जेथून बाहेर येतो तेथे भोक ठेवावेच लागते. ते सैल असेल तर वाफ निसटते. अगदी घट्ट असेल तर दांडा हलत नाही.

यावर जुना उपाय असा : दांड्याभोवती थोडी पोकळी ठेवून तीत तेलकट सुताच्या वेण्यांची कडी एकावर एक बसवितात. प्रत्येक कड्याचा सांधा निराळ्या बाजूस येईल अशी काळजी घेतात. सांधे एका रांगेत आले तर वाफेला आयतीच वाट मिळेल. वरून 'ग्लँड' नावाचे धातूचे कडे बोल्टांनी आवळले की वेण्या दबतात, आडव्या फुगतात आणि दांड्याला बिलगतात. येथे कामगाराची खरी पारख होते. नट फार आवळला तर दांडा अडकतो व झिजतो. कमी आवळला तर गळती होते. जाणता कामगार दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळतो आणि मधून मधून चाक फिरवून पाहतो. आपणांस जी पांढरी वाफ दिसते, ते वस्तुतः पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. खरी वाफ अदृश्य असते. म्हणून गळती शोधण्यासाठी तेथे हात नेणे अत्यंत घातक होय.

इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने 1795 साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या दट्ट्याभोवतीही पाणी गळू नये म्हणून पुढे कातड्याचे वाकविलेले कडे वापरण्यात आले. पाण्याचा दाब जितका वाढे, तितकी त्या कातड्याची कड दट्ट्यावर अधिक दाबली जाई. गळू पाहणारे पाणीच वाट बुजवी! सायकलच्या पंपातील कातड्याची वाटीही अशीच हवा अडविते.

उष्ण वाफेसाठी एके काळी ॲस्बेस्टॉसच्या वेण्या सर्रास वापरीत. त्याच्या धुळीने फुप्फुसांचे भयंकर रोग होतात हे कळल्यावर ग्राफाइट पुढे आले. पेन्सिलीत असते तेच हे ग्राफाइट. ते उष्णता सोसते आणि दांड्याला सहज सरकू देते.

विषारी वायूंच्या बाबतीत मात्र थोडीही गळती चालत नाही. तेथे दांड्याभोवती पेटीच्या भात्यासारखी घड्यांची धातूची नळी जोडतात. दांडा सरकला की ती लांबते वा आखडते, आणि वायूला बाहेर येण्यास फटच उरत नाही. तरीही, भाता कधी फुटलाच तर, म्हणून त्याच्यावर वेण्यांची कडी बसवितातच.