पोटातली प्रत्येक कळ पित्ताची नसते

सणाचे जेवण झाले, किंवा रात्री दारूची बैठक झाली, आणि पहाटे घरातले माणूस पोट धरून ओरडू लागले, की आपण म्हणतो, "पित्त झाले असेल." मग सोडा पाजणे, ओवा चावायला देणे, पोट चोळणे सुरू होते. पण कळ बेंबीच्या वर असेल, पाठीत शिरत असेल, उलट्या होऊनही हलके वाटत नसेल, तर घरच्या उपायांत वेळ घालवू नका. ही स्वादुपिंडाची सूज असू शकते.

जठराच्या मागे वीतभर लांबीचे स्वादुपिंड आडवे असते. अन्न पचवणारा रस ते तयार करते. पित्ताशयातला खडा नळीत अडकला किंवा दारूचा मारा झाला, की हा रस आतच काम करू लागतो आणि स्वादुपिंडालाच जाळतो. म्हणून दारूला कधी न शिवलेल्या बाईलाही हा आजार होतो. रुग्णाला बोल लावू नका. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. वाटेत तोंडाने काही देऊ नका.

रुग्णालयात औषध डॉक्टर देतील. पण खाटेजवळ तुम्ही असता. ही कामे तुमची :

१. डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायला सांगितले असेल, तर दया येऊन चोरून पाणी पाजू नका. तहान सलाईन भागवते. ओठ ओल्या कापडाने टिपा, चूळ भरू द्या.

२. लघवी मापाच्या भांड्यात धरा. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलीलिटर व्हावी. कमी झाली तर लगेच नर्सबाईंना सांगा.

३. उशीला टेकवून, थोडे पुढे झुकवून बसवा. कळ कमी वाटते.

४. दम लागणे, बरळणे, ताप, पोट फुगणे दिसले तर सकाळच्या फेरीची वाट पाहू नका.

५. रुग्ण रोज दारू पीत असेल तर डॉक्टरांना खरे सांगा. दारू एकदम सुटली की दोन-तीन दिवसांत हात कापतात, भ्रम होतो. अब्रूपायी हे लपवले तर जिवावर बेतते.

पूर्वी अशा रुग्णाला कित्येक दिवस उपाशी ठेवत. आता उलट्या थांबल्या, भूक लागली, की डॉक्टर लवकरच हलके अन्न सुरू करतात. ते सांगतील तेव्हा, सांगतील तेवढेच द्या.

दहांतले सुमारे आठ रुग्ण आठवडाभरात सावरतात. उरलेल्यांचा आजार जिवावर उठू शकतो. पण बरे वाटले म्हणून कारण विसरू नका. खडे असतील तर पित्ताशयाची शस्त्रक्रिया "सुगी झाल्यावर बघू" म्हणून टाळू नका. कारण दारू असेल तर ती कायमची सोडा, तंबाखू-विडीही सोडा. पुढे रक्तातली साखर तपासून घ्या.

सुगी दरवर्षी येते. घरचे माणूस गेले तर परत येत नाही.