जुनी पट्ट्यांची झडप: भाव करण्याआधी पट्ट्या मोजा

चाळी पाडल्या की तिरप्या पट्ट्यांच्या सागवानी झडपा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात येतात. आमच्या कोलशेतच्या टॉवरमध्ये त्यांचं पार्टिशन होतं, किल्ल्या-पत्रांचा स्टँड होतो. शू-रॅकचं दार तर बेस्ट, हवा खेळती राहते.

पण मी पहिल्याच मालात फसलो. झडप स्वस्त मिळाली म्हणून खूश, मजुरी धरलीच नाही! पट्ट्यांच्या फटीतला रंग काढण्यात सुताराचे दोन दिवस गेले, नफाही गेला.

आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासूनच लागू झाली. कोरडं घासू नका. ओलं करूनच घासा, एन-९५ मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

आता मी आधी पट्ट्या मोजतो, मजुरी पट्टीमागे धरतो, मगच भाव करतो.