भिंतीवरचा तक्ता आणि रक्तदाब

श्रोतेहो, डॉक्टर भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहून औषध लिहू लागले, की काहींच्या मनात शंका येते, “यांना तोंडपाठ येत नाही वाटतं!” आज त्या तक्त्याचीच हकीकत सांगायची आहे.

उच्च रक्तदाब हा मोठा मुका आजार. ताप नाही, कळ नाही, खोकला नाही. माणूस नांगर धरतो, बाजाराला जातो, आणि आत हृदयाला, मेंदूला, मूत्रपिंडांना इजा होत असते. एके दिवशी अर्धांगाचा झटका येतो, तेव्हा कुठे घराला कळतं. असा आजार मोजावाच लागतो. तो मोजायचा कसा, औषध कधी नि किती द्यायचं, हे असंख्य रोग्यांचा अनुभव पारखून तज्ज्ञांनी ठरवलेलं आहे. तोच हा तक्ता. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने तो सरकारी दवाखान्यांत आणला. पहिल्या पाच राज्यांत आपला महाराष्ट्रही होता.

तक्ता काय सांगतो? रोग्याला पाच मिनिटं स्वस्थ बसवा. नुकताच चहा किंवा तंबाखू झाली असेल, तर अर्धा तास थांबा. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० भरला, अगर त्याहून जास्त आला, तर दुसऱ्या दिवशी मोजून खात्री करा. मग बहुधा ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी, रोज एक. महिन्याने पुन्हा तपासणी. दाब उतरला नसेल, तर पुढची पायरी: मात्रा वाढवा किंवा दुसरं औषध जोडा.

खरी गोम इथंच आहे. डॉक्टरही माणूसच. बाहेर रांग लागलेली, आकडा थोडा वर. मग “तेच चालू द्या, पुढल्या खेपेला बघू” असं होऊन जातं, आणि वर्षं निघून जातात. तक्ता बजावतो, पायरी आजच चढा.

मग डॉक्टरांच्या अकलेला काम काय? गुरुजी, आपल्यालाही अभ्यासक्रम असतो. पण वर्गातलं प्रत्येक मूल निराळं. इथंही तसंच. टेल्मिसार्टन हे औषध गरोदर बाईला चालत नाही. ॲम्लोडिपिनने कुणाचे घोटे सुजतात. तिथं डॉक्टरांनी वाट बदलायची, आणि का बदलली ते कार्डावर लिहायचं.

आता आपलं काम. बरं वाटतं म्हणून गोळी सोडू नका. बरं तर आजार कळण्याआधीही वाटतच होतं! मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, लोणचं-पापडातलं धरून. दिलेल्या तारखेला जा, आणि न संकोचता विचारा, “डॉक्टर, आज माझा आकडा किती?” शिक्षक बंधुभगिनींनी एवढा एक प्रश्न गावाला शिकवला, तरी पुष्कळ घरांवरचं संकट टळेल.